ललितविस्तरातला आकडा आणि आपला हिशेब

(बिडकीन येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



दरवर्षी वर्धापनदिनाला आम्ही काही ना काही बोलतो. कधी बाबासाहेबांवर, कधी संघटनेवर, कधी गावातल्या प्रश्नांवर. या वेळी समितीने विषय विचारला, तेव्हा आम्ही म्हणालो की आम्हाला एका आकड्यावर बोलायचे आहे. मंडळींना वाटले, वर्गणीचा आकडा! दोघे-तिघे तर लगेच उठून चहा सांगायला गेले. तर आधीच सांगतो, वर्गणीचा विषय नाही. निवांत बसा.

आकडा हा मागे फळ्यावर लिहिलेला आहे. १०,८४,७०,४९,५६,१६,०००. वाचायचा कसा? एक कोटी आठ लाख सत्तेचाळीस हजार एकोणपन्नास कोटी, छप्पन लाख, सोळा हजार. कोटीचे कोटी झाले की आपली जीभ अडखळते. पण हा आकडा आपल्या परंपरेतल्या एका जुन्या ग्रंथातून निघतो, आणि गेला पावसाळाभर विहारातल्या रविवारच्या वर्गात आम्ही आणि लेकरे याच्याशीच झटत होतो. ते सगळे तुम्हाला सांगायचे आहे.

सुरुवात मात्र ग्रंथापासून झाली नाही, आमच्याच घरातून झाली. औद्योगिक वसाहतीसाठी बिडकीन परिसरातल्या जमिनी गेल्या, कुणाच्या घरात पैसा आला, कुणाच्या नाही आला. आमच्या पुतण्याने माल वाहायला गाडी घेतली. चांगले झाले, पोरगा स्वतःच्या पायावर उभा राहिला. पण गाडीच्या नंबराची बेरीज नऊ आली पाहिजे म्हणून त्याने जादा फी भरली. वर कुणा अंकशास्त्र सांगणाऱ्याला वेगळे पैसे दिले, त्याने याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवले. आम्ही विचारले, "अरे, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांची लेकरं. हे कामून?" तो म्हणाला, "काका, हा देवधर्म थोडाच आहे? हे तर गणित आहे."

हे गणित आहे! हे वाक्य आमच्या डोक्यात बसले. देवाच्या नावाने फसवणारा आपल्या दारात आला तर आपण त्याला ओळखतो, तेवढी बाबासाहेबांची शिकवण मुरलेली आहे. पण गणिताच्या नावाने आला तर ओळखत नाही, कारण गणित म्हणजे आपल्याला न कळणारी गोष्ट, हे आपल्या मनात कुणीतरी लहानपणीच ठोकून बसवले आहे. आम्ही आठवीपर्यंत शिकलो. एक मास्तर भर वर्गात म्हणत, तुमच्या डोक्याला हे झेपायचं नाही. "तुमच्या" म्हणजे कुणाच्या, हे वर्गात सगळ्यांना कळत होते. त्यांचे नाव घेत नाही. पुढे गिरणीत लागलो, तिथे सुताचा हिशेब शिकलो, आणि मग कळले की डोक्याला झेपत होते.

म्हणून ठरवले की पुतण्याला भाषण द्यायचे नाही, एक खरा मोठा आकडा आणून त्याच्यासमोर ठेवायचा, आणि त्याचे गुण कशातून येतात ते सगळ्यांनी मिळून शोधायचे.

आता ग्रंथ. ललितविस्तर हा बुद्धचरित्राचा संस्कृत ग्रंथ आहे, महायान परंपरेतला. इसवी सन ३०८ मध्ये धर्मरक्ष नावाच्या भिक्खूने त्याचे चिनी भाषांतर केले, यावरून त्याचे वय कळते. जावा बेटावर बोरोबुदूरचा जो प्रचंड स्तूप आहे, त्याच्या भिंतींवर याच ग्रंथातले प्रसंग कोरलेले आहेत. तर या ग्रंथात असा प्रसंग आहे की, राजपुत्र सिद्धार्थाला मुलगी द्यायची वेळ येते तेव्हा दंडपाणी शाक्य म्हणतो, राजवाड्यात वाढलेल्या मुलाला काही विद्या येते की नाही ते आधी बघू. मग परीक्षा होते. लिपीची होते, कुस्तीची होते, धनुष्याची होते, आणि मधोमध गणिताची होते. परीक्षक कोण, तर अर्जुन नावाचा गणिती. महाभारतातला नव्हे, हा वेगळा.

अर्जुन विचारतो, कोटीच्या पुढची गणती येते का? सिद्धार्थ सांगू लागतो. शंभर कोटींचे एक अयुत, शंभर अयुतांचे एक नियुत, अशी दरवेळी शंभरपट करीत तेवीस पायऱ्या चढून तो तल्लक्षण नावाच्या संख्येपर्यंत जातो. कोटीवर सात शून्ये. तेवीस वेळा दोन-दोन शून्ये वाढली, म्हणजे सेहेचाळीस. एकूण त्रेपन्न शून्ये. एकावर त्रेपन्न शून्ये! आणि ग्रंथ तिथेही थांबत नाही, त्याच्याही पुढच्या गणती सांगतो.

मग अर्जुन उलटा प्रश्न टाकतो. मोठ्याकडे जाणे झाले, आता बारकाईत शिरून दाखव. परमाणूपासून योजनापर्यंत कसे मोजायचे? सिद्धार्थ सांगतो की सात परमाणुरजांचा एक अणू, सात अणूंची एक त्रुटी, सात त्रुटींचा एक वातायनरज. वातायन म्हणजे खिडकी. सकाळी कवडशात जी धूळ तरंगताना दिसते ती. त्याच्या सातपट सशाच्या अंगावरचा कण, त्याच्या सातपट मेंढ्याच्या अंगावरचा, त्याच्या सातपट गाईच्या. त्या सातांची एक लीख. हो, डोक्यातली लीखच, बायाबापड्यांना ती चांगली ठाऊक आहे. सात लिखांची एक मोहरी, सात मोहऱ्यांचा एक जव, सात जवांचे एक बोटाचे पेर. पुढे बारा पेरांची एक वीत, दोन वितींचा हात, चार हातांचे धनुष्य, हजार धनुष्यांचा मगध देशातला एक कोस आणि चार कोसांचे एक योजन.

किती सुंदर मोजपट्टी आहे बघा. राजाच्या खजिन्यातले यात काही नाही. ससा, मेंढी, गाय, लीख, मोहरी, जव, माणसाचे बोट. शेतात आणि घरात दिसणाऱ्या गोष्टी एकावर एक रचून माणूस न दिसणाऱ्या कणापासून चार कोसांपर्यंत पोचतो.

आता इथे थोडे थांबून एक खुलासा केला पाहिजे. हा प्रसंग असाच घडला, असे आम्ही म्हणत नाही. ललितविस्तरात चमत्कारही पुष्कळ आहेत, आणि जे तर्काला धरून नाही ते बुद्धवचन मानू नये, ही कसोटी बाबासाहेबांनी आपल्याला दिलेली आहे. ग्रंथ बुद्धांच्या नंतर कितीतरी शतकांनी लिहिला गेला. पण त्यातून एक गोष्ट पक्की कळते. ज्याने तो लिहिला, त्याला असे वाटत होते की बोधिसत्त्व म्हटला की त्याला हिशेब आलाच पाहिजे. नुसते ध्यान लावून भागणार नाही.

दुसरा खुलासा याहून महत्त्वाचा. बोटाच्या एका पेरात सात गुणिले सात असे दहा वेळा, म्हणजे २८ कोटी २४ लाख ७५ हजार २४९ परमाणू एका ओळीत बसतात, असे या कोष्टकातून निघते. पेर दोन सेंटिमीटरचे धरले तर एक कण इतका बारीक येतो की तो आजच्या विज्ञानातल्या अणूच्या आकाराच्या जवळपास जातो. हे वर्गात निघाले तेव्हा एक तरुण कार्यकर्ता उठून उभाच राहिला. म्हणाला, "म्हणजे बुद्धांना अणू माहीत होता! हे स्मरणिकेत मोठ्या अक्षरात छापा." आम्ही त्याला खाली बसवले. दुसरे लोक पुराणातली विमाने दाखवतात तेव्हा आपण हसतो ना? मग आपल्या ग्रंथाच्या बाबतीत तेच करायचे का? सशाचा कण मेंढ्याच्या कणाच्या बरोबर सातवा हिस्सा आहे, हे कुणी कुठे मोजले होते? सात ही पायरी लेखकाने धरून चालली आहे. उत्तर जवळ आले तो योगायोग. कालामांना बुद्धांनी हेच सांगितले की परंपरेत आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. तो ग्रंथ आपला असला तरी.

मग या कोष्टकातले खरे काय? खरा आहे तो गुणाकार. तो तेव्हाही खरा होता, आजही आहे, आणि तुम्ही-आम्ही तपासू शकतो. म्हणून आम्ही तपासायला बसलो.

प्रश्न असा घेतला की एका योजनात ओळीने किती परमाणू मावतील? आधी पेरे मोजली. बारा गुणिले दोन गुणिले चार गुणिले हजार गुणिले चार, म्हणजे ३,८४,०००. एवढी पेरे एका योजनात. आता प्रत्येक पेरात सातचा दहा वेळा गुणाकार. किराणा दुकानातले कॅल्क्युलेटर आणले, त्याला बारा घरे, शेवटचा गुणाकार मारला की ते "ई" दाखवून गप्प बसायचे. मोबाइलला आम्ही वर्गात बंदी घातली होती. मग पाटी आणि खडू. सात, ४९, ३४३, २,४०१, १६,८०७, १,१७,६४९, ८,२३,५४३, ५७,६४,८०१, ४,०३,५३,६०७, आणि दहावी पायरी २८,२४,७५,२४९. शेवटचा अंक बघत चला: सात, नऊ, तीन, एक, पुन्हा सात, नऊ, तीन, एक. दर चार पायऱ्यांनी तेच चक्र. लेकरांनी हे आम्ही सांगायच्या आधी पकडले.

आणि इथेच आमची फजिती झाली. पाटीवरून मोठ्या कागदावर उतरवताना आम्ही शेवटचे दोन अंक उलटे लिहिले. २८,२४,७५,२४९ च्या जागी २८,२४,७५,२९४. त्यालाच पुढे ३,८४,००० ने गुणले. उत्तर आले १०,८४,७०,५१,२८,९६,०००. आम्ही मोठ्या ऐटीत नऊची चाचणी लावली. जुने लोक हिशेब तपासायला अंकांची बेरीज करून नऊ टाकत जायचे, ती चाचणी. पेरातल्या आकड्याची बेरीज ४३, म्हणजे सात उरले. ३,८४,००० ची बेरीज पंधरा, म्हणजे सहा. सात सक बेचाळीस, म्हणजे सहा. उत्तराच्या अंकांची बेरीज ५१, म्हणजे सहा. जुळले! आम्ही म्हणालो, बरोबर आहे, उतरवून घ्या.

तर मागे बसलेली आठवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, आपण सातने दहा वेळा गुणलं ना? मग सातने भाग गेला पाहिजे. मी करून बघितला, तीन उरतात." सगळा वर्ग शांत. आम्ही स्वतः भागून बघितले. तीनच उरत होते. आमचे उत्तर चुकले होते, आणि चाचणीने ते बरोबर ठरवले होते. कारण अंकांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते. आमच्या चुकीच्या उत्तराची बेरीजही ५१ आणि खऱ्या उत्तराचीही ५१. नऊच्या चाचणीला दोघांतला फरक दिसतच नाही.

मंडळी, त्या दिवशी आम्हाला वाईट वाटले नाही. उलट घरी जाताना आम्ही पुतण्याकडे वळलो आणि त्याला एवढेच सांगितले, की ज्या बेरजेवर तू पैसे मोजले, तिला खरा आकडा आणि खोटा आकडा यांतला फरक ओळखता येत नाही.

आता खऱ्या आकड्याचे गुण बघू. तो कशाचा बनला आहे, हे कोष्टकातच दिलेले आहे. सगळे तुकडे फोडले की त्यात फक्त चार मूळ संख्या सापडतात: दोन हा दहा वेळा, तीन एकदा, पाच तीन वेळा आणि सात दहा वेळा. बस्स. एवढा अवाढव्य आकडा, पण त्यात अकरा नाही, तेरा नाही, दुसरे काही नाही. दोन दहा वेळा आणि सात दहा वेळा म्हणजे चौदाच दहा वेळा झाला. म्हणून हाच आकडा असाही लिहिता येतो: चौदाचा दहा वेळा गुणाकार करा आणि ३७५ ने गुणा. चौदा म्हटल्यावर काही जणांना चौदा एप्रिल आठवला, काहींना चौदा ऑक्टोबर. आठवू द्या, पण तो अर्थ आपण घातलेला, आकड्यात तो नाही.

शेवटी शून्ये तीनच का? दोन तर दहा वेळा आहे. पण शून्य व्हायला दोनच्या जोडीला पाच लागतो, आणि पाच तीनच आहेत. सातांचे तर त्यात काहीच चालत नाही. आणि या आकड्याला किती संख्यांनी पूर्ण भाग जातो? तेही मोजता येते, एकेक भागून बघायची गरज नाही. भाजक बनवताना दोन घ्यायचा तो शून्य ते दहा वेळा, म्हणजे अकरा रीती. तीनच्या दोन रीती, पाचच्या चार, सातच्या अकरा. अकरा गुणिले दोन गुणिले चार गुणिले अकरा, ९६८. बरोबर नऊशे अडुसष्ट संख्या या आकड्याला पूर्ण भागतात. एकपासून आठपर्यंत सगळ्यांनी भाग जातो. आणि नऊने जात नाही! कारण नऊला तीन दोनदा लागतो आणि आपल्याकडे तीन एकच आहे, तो बारा पेरांच्या वितीतून आलेला. पुतण्या आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काका, मग बोधिसत्त्वाचा आकडाच अशुभ निघाला की."

आकड्याची सुरुवात १०८ ने होते, हेही एका आजीच्या लक्षात आले. माळेचे मणी एकशे आठ! त्यांनी हात जोडले. त्यांचा मान ठेवून सांगतो, की मगधातल्या कोसाऐवजी दुसऱ्या कुठल्या देशातला कोस धरला असता तर सुरुवात वेगळी झाली असती. आणि आपण दहा-दहाने मोजतो म्हणून हे अंक असे दिसतात. सात-सातने मोजणारा कुणी असता तर त्याने हाच आकडा लिहिताना शेवटी दहा शून्ये दिली असती आणि १०८ त्याला दिसलेच नसते. नऊचे जे काही कौतुक आहे तेही दहाच्या रीतीमुळेच. नऊ हा दहाच्या अलीकडचा म्हणून अंकांची बेरीज नऊशी जुळते. आपल्या हाताला आठ बोटे असती तर लोकांनी सातच्या नंबरासाठी फी भरली असती.

गिरणीतला एक अनुभव इथे सांगावासा वाटतो. सुताचा नंबर काढताना ८४० वार हा आकडा आमच्या रोजच्या तोंडात. एका पौंडात ८४० वारांचे चाळीस हँक भरले तर ते चाळीस नंबरचे सूत. म्हणजे ३३,६०० वार. एक पौंड सूत सरळ पसरले तर बिडकीनहून औरंगाबादला पोचेल. आणि एका हँकमध्ये १२० वारांच्या सात ली. तिथेही सात! ८४० ला एकपासून आठपर्यंत सगळ्यांनी भाग जातो, म्हणून हाताने वाटणी करायला तो सोयीचा पडतो. आम्हाला सहज वाटले की ग्रंथातल्या आकड्याला आपल्या गिरणीच्या आकड्याने भागून बघावे. पूर्ण भाग गेला: १,२९,१३,१५,४२,४००. बाकी शून्य. जायलाच पाहिजे, कारण ८४० मध्येही दोन, तीन, पाच आणि सातच आहेत. पण खरे सांगतो, त्या रात्री ही शून्य बाकी बघून फार बरे वाटले.

विणकरांचा आणि विहाराचा हिशेबाचा संबंध जुना आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज, हजारावर महिना शेकडा पाऊण. आता करा हिशेब. दोन हजारांचे वर्षाला २४० होतात. आणि लेखात म्हटले आहे की वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. वीस गुणिले बारा, २४०. चोख! हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदला आणि दगडावर कोरला. येणाऱ्या-जाणाऱ्याने तपासावा म्हणून. आमच्या समितीच्या खजिनदारांनी इकडे लक्ष द्यावे. (ते हसत आहेत. त्यांचा हिशेब चोख असतो, हेही सांगतो.)

आता शेवटचा भाग, आणि तो नाशिककडचाच आहे. देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. १९०५ साली डहाणूला जन्म, १९८६ साली निधन. मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचे. पुष्कळांनी थट्टा केली. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लिहिले आणि जगभर नाव झाले. त्यांनी संख्यांना दिलेली नावे बघा: देवळाली संख्या, डोंबिवली स्टेशनावरून डेम्लो संख्या. आपल्या गावाच्या आणि स्टेशनाच्या नावाने जगाच्या गणितात संख्या ओळखल्या जातात, ही काय लहान गोष्ट आहे?

एक नाव त्यांनी दिले हर्षद, म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद. आमचा ८४० हर्षद आहे: बेरीज बारा, भाग सत्तर. योजनातली पेरे ३,८४,०००: बेरीज पंधरा, तोही हर्षद. मोठा आकडा? बेरीज ५१, म्हणजे तीन गुणिले सतरा. सतरा त्यात नाहीच. म्हणून हर्षद नाही. लेकरे मग इरेला पेटली. १९५६? बेरीज एकवीस, भाग जात नाही. १८९१? बेरीज एकोणीस, भाग जात नाही. बावीस? चौदा? नाही आणि नाही. एक लेकरू हिरमुसून म्हणाले, "आपला एकपण हर्षद नाही." आम्ही म्हणालो, बाळा, नागपूरला लाखो माणसे आली ती सनाचा भागाकार करून आली होती का?

कापरेकरांचा सगळ्यांत गाजलेला शोध ६१७४. त्यांनी तो १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, त्यातून लहानाकडून मोठ्याकडे लावलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येते, आणि मग तिथून हलत नाही. १९५६ घेऊ. ९६५१ वजा १५६९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीन वेळांत.

आता गाडीचे नंबर घेऊ. नऊ बेरजेचा, पसंतीचा म्हणून १८०० घ्या. आणि कुणी मागणार नाही असा ४३९१ घ्या, बेरीज सतरा. पहिल्याची वजाबाकी: ८१०० वजा ००१८, ८०८२. दुसऱ्याची: ९४३१ वजा १३४९, ८०८२. दोन्ही पहिल्याच फटक्यात एकाच जागी आले! आणि १९५६ सुद्धा तिथेच आला होता. शिवाय ८०८२ ची बेरीज अठरा, म्हणजे नऊच. अंकांची उलटापालट करून वजाबाकी केली की कुठल्याही नंबराचे उत्तर नऊच्या पाढ्यात येते. फुकट. पुतण्या हे सगळे खडू हातात घेऊन स्वतः करत होता. दोनदा केले. मग खडू ठेवून म्हणाला, "काका, फी परत मिळत नसती." नाही मिळणार. पण नावातले ते जादा अक्षर त्याने गाडीच्या मागून खरवडून काढले आहे, जाताना बघा, बाहेरच उभी आहे.

बाबासाहेबांचा १९२३ सालचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ पाहिला तर त्यात पानोपानी आकड्यांची कोष्टके आहेत. आम्हाला तो पूर्ण कळला नाही, हे कबूल करतो. पण ती कोष्टके पाहून एवढे कळले की बाबासाहेब आकड्याला घाबरले नाहीत आणि नमस्कारही केला नाही. त्याला कामाला लावले. १९५० मध्ये औरंगाबादला त्यांनी जे कॉलेज काढले, त्याला पुढे मिळालेले नाव मिलिंद राजाचे आहे, आणि मिलिंद प्रश्न विचारण्याबद्दलच प्रसिद्ध आहे.

विहाराच्या कपाटात आता एक वही ठेवली आहे. त्या ९६८ भाजकांची यादी लेकरे तीत लिहीत आहेत, दर रविवारी थोडे थोडे. ज्या मुलीने आमची चूक पकडली, तिच्याकडे वही तपासायचे काम दिले आहे. शेवटची चार पाने कोरी सोडली आहेत, कुणाला चूक सापडली तर ती तिथे तारखेसह लिहायची. पहिल्या ओळीत आमचीच चूक आहे, आमच्या हाताने लिहिलेली: २८,२४,७५,२९४. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना बघायची आहे त्यांनी आत यावे. खडू आणि पाट्याही तिथेच ठेवल्या आहेत.

जयभीम.